साथ आली तर गावानं कुठलं दार कधी वाजवायचं: सोलापूर जिल्ह्यातल्या गावांसाठी

पुढची साथ कधी येईल, कसली येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती आल्यावर सरकार आणि दवाखाने कसे हलतात ते आपण कोरोनात डोळ्यांनी बघितलंय, आणि गावातल्या चार-पाच जणांना जरी ते नीट माहीत असलं तरी माणसं वाचतात असं माझं ठाम मत आहे. एप्रिल २०२० मध्ये सोलापूर शहरातला पहिला पेशंट कळला तोच मुळी माणूस गेल्यावर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून. नंतर कितीतरी आठवडे आपल्याकडच्या मृत्यूदराची चर्चा चालू होती आणि डॉक्टर एकच गोष्ट परत परत सांगायचे, की पेशंट फार उशिरा येतोय. आता हा उशीर होतो कुठं ते बघा. दोन-तीन दिवस घरात साधा ताप म्हणून काढायचे, मग गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग तालुका, तिथून सोलापूर, सोलापुरात एका दवाखान्यात बेड नाही म्हणून दुसऱ्यात, आणि तोपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले. उपचाराला लागतो त्याहून जास्त वेळ दारं शोधण्यात जातो, म्हणून दारं आधीच माहीत करून ठेवायची, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

कोण कुणाच्या हाताखाली

हे जरा कंटाळवाणं आहे पण सगळं यावरच आहे. साधारण हजार लोकवस्तीमागं एक आशा ताई, पाच हजाराला एक उपकेंद्र, ज्याच्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड दिसतो, तिथं सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, सिस्टर म्हणजे एएनएम आणि आरोग्य सेवक. तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी, तिथं एमबीबीएस किंवा बीएएमएस मेडिकल ऑफिसर. इथपर्यंतचं सगळं जिल्हा परिषदेचं, म्हणजे वर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सगळ्यात वर सीईओ म्हणजे झेडपीचे मुख्य कार्यकारी अधिकारी. मोहोळ, सांगोल्यासारखी ग्रामीण रुग्णालयं, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय हे मात्र झेडपीचं नाही, ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथं सिव्हिल सर्जनची म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांची सत्ता. आणि सोलापूरचं सिव्हिल, ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणतात, ते वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथले प्रमुख डीन. शहर हद्दीत आणखी वेगळं, तिथं महापालिका आयुक्त आणि त्यांचा आरोग्य विभाग.

म्हणजे एकाच जिल्ह्यात चार मालक झाले. पीएचसीत डॉक्टर जागेवर नाही म्हणून सिव्हिल सर्जनला फोन करून काही होत नाही, आणि सिव्हिलमध्ये बेड मिळत नाही म्हणून झेडपी मेंबरच्या मागं लागूनही काही होत नाही. लोक इथंच अर्धा दिवस घालवतात.

मोठी साथ जाहीर झाली की मात्र हे चारही एका माणसाखाली येतात, तो म्हणजे कलेक्टर. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात. दुसरा कायदा साथरोगाचा, १८९७ चा, १८९६ ला मुंबईत प्लेग आला त्यातून इंग्रजांनी केलेला, आणि त्याच कायद्याखाली महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२० मध्ये कोरोनाची नियमावली काढली. या दोन कायद्यांच्या जोरावर कलेक्टर मंगल कार्यालय ताब्यात घेऊ शकतात, खासगी दवाखान्याचे बेड राखून ठेवायला लावू शकतात, बाजार बंद करू शकतात. म्हणून साथीत अडचण मोठी असेल आणि खालचं दार उघडत नसेल तर थेट जिल्हा नियंत्रण कक्षाला लावायचा, १०७७. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवायची, दुसऱ्यांदा फोन केला की "सकाळी साडेनऊला अमुक साहेबांशी बोललो होतो" असं म्हटलं की काम पुढं सरकतं, हे अगदी अनुभवाचं आहे.

पहिली खबर गावानंच द्यायची असते

सरकारला साथ कळते कशी? वरून नाही कळत, खालून कळते. आशा आणि सिस्टर ताप-खोकला-जुलाबाचे पेशंट नोंदवतात, पीएचसीचे डॉक्टर तपासलेले संशयित नोंदवतात, लॅब पक्के झालेले नोंदवते, आणि हे आता आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर जातं, जिल्ह्यात एक सर्वेक्षण अधिकारी ते बघतो. म्हणजे आपल्या गल्लीत एकाच आठवड्यात पाच-सात घरात सारखाच ताप आला आणि आपण आशा ताईला सांगितलंच नाही, सगळे परस्पर खासगीत जाऊन आले, तर सरकारच्या हिशोबात आपल्या गावात काहीच झालेलं नसतं. नसलं की पथक येत नाही, टेस्ट किट येत नाही, काही येत नाही.

म्हणून एकाच वस्तीत सारखे पेशंट दिसले की त्याच दिवशी आशाला सांगा, आशानं सिस्टरला, सिस्टरनं मेडिकल ऑफिसरला. संध्याकाळपर्यंत काही हालचाल दिसली नाही तर सरपंचांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन करायचा आणि व्हॉट्सॲपवर पेशंटची नुसती संख्या, वस्तीचं नाव, लक्षणं कधीपासून एवढं पाठवायचं. पेशंटची नावं ग्रुपवर टाकायची नाहीत, कोरोनात नावं फिरली आणि त्या घरांचं दूध बंद झालं, दुकानदार माल देईना, मग पुढच्या घरांनी ताप लपवला. आणखी एक, गावातल्या मेडिकलवाल्याला विश्वासात घ्या. तापाच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध अचानक जास्त खपायला लागलं हे त्याला सगळ्यात आधी कळतं.

आशा ताईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला हा विषय फार लागतो. या बायकांना पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि त्यांनी उन्हात दारोदार फिरून सर्व्हे केले. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं, ऐन साथीत, यावरून काय ते समजा. गावानं निदान एवढं करावं: मास्क, हातमोजे, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरचे सेल ग्रामपंचायतीनं द्यावेत, आणि सर्व्हेला जाताना गावातलं एक माणूस बरोबर द्यावं, कारण एकटी बाई दारात आली की काही लोक वाट्टेल ते बोलतात. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती झालीय, आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत. हे ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा.

गावाची तयारी

कोरोनात सरपंच अध्यक्ष असलेल्या समित्या झाल्या होत्या, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा, अंगणवाडी ताई असे सगळे त्यात. काही गावांत ती समिती नुसती कागदावर राहिली आणि काही गावांत खरंच चालली. मोहोळ तालुक्यातल्या घाटणे गावाचे तरुण सरपंच ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांचं नाव ३० मे २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी भाषणात घेतलं, हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर, आणि मग कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर झाली, पहिल्या गावाला ५० लाख रुपये. ही आपल्याच जिल्ह्यातली गावं आहेत, बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही.

समितीत नावं किती आहेत यापेक्षा कामं वाटलीत का ते बघा. दोन जण घरोघर यादीला, दोन गाडीला म्हणजे रात्री कुणाची गाडी आणि कोण चालवणार हे ठरलेलं, एक शाळेतल्या केंद्राला, एक कागदपत्राला. कागदपत्राला माणूस लागतो हे बहुतेकांना सुचत नाही आणि शेवटी सगळं तिथंच अडतं, त्यावर खाली लिहिलंय.

यादी अशी करायची की घरात साठीच्या वरचे कोण, शुगर-बीपी कुणाला, डायलिसिसवर कोण, गरोदर कोण, दम्याचा पेशंट कोण. सप्टेंबर २०२० मध्ये माझे कुटुंब माझी जबाबदारी मोहिमेत हेच केलं होतं, ताप आणि ऑक्सिजन मोजून जुने आजार लिहून घेतले होते. ती वही पुढं टाकून देऊ नका, दर सहा महिन्यांनी आशा ताईबरोबर बसून अपडेट करा, साथ आल्यावर कुणाच्या दारात आधी जायचं हे मग विचारावं लागत नाही. डायलिसिस आणि गरोदर बायकांचा विचार वेगळा करा, कारण साथीत मोठे दवाखाने साथीच्याच पेशंटनं भरतात आणि बाकीचे पेशंट अधांतरी लटकतात. बाळंतपणासाठी १०२ ची गाडी आणि जवळची दुसरी सोय आधीच बोलून ठेवायची.

घरातला पेशंट: आकडा बघा, चेहरा नको

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक आजी होत्या. खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या, गप्पा चालू, आशा ताई म्हणाली बोट द्या, आजी म्हणाल्या मला काय धाड भरलीय. बोटाला मेंदी होती म्हणून ताईनं दुसऱ्या बोटाला लावलं, हात गार होते म्हणून चोळून परत लावलं, तरी आकडा ८७. घरातली सगळी म्हणत होती मशीन खराब आहे. ताईनं स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं, ९८. मग गाडी काढली. आजी बऱ्या होऊन आल्या.

कोरोनात हेच फसवं होतं, ऑक्सिजन खाली गेला तरी माणूस बोलत-चालत असायचा. म्हणून त्या वेळच्या सूचना अशा होत्या की ९४ च्या खाली आलं की दवाखाना गाठायचा, ९० च्या खाली म्हणजे गंभीर. आणि आकडा चांगला असला तरी सहा मिनिटं खोलीत चालायला लावायचं आणि परत मोजायचं, ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त घसरला किंवा दम लागला तर थांबायचं नाही. साठीच्या वरच्याला तीन मिनिटं पुरे, दम्याच्या पेशंटला ही टेस्ट नको. ऑक्सिमीटर लावताना नेलपेंट नको, बोट गार नको, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबायचं. पुढची साथ वेगळी असेल तर आकडे आणि लक्षणंही वेगळी असतील, तेव्हा पीएचसीतून येणारी सूचना वाचायची, पण मोजून लिहून ठेवायची सवय सगळीकडं कामाला येते. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, दिलेलं औषध, एवढा कागद पेशंटबरोबर गेला तर समोरच्या डॉक्टरचे प्रश्न निम्मे होतात.

आणि हात जोडून सांगतो, स्वतःच्या मनानं स्टेरॉइड घेऊ नका आणि गावात कुणी देत असेल तर घेऊ देऊ नका. ऑक्सिजन चांगला असताना लवकर दिलेल्या स्टेरॉइडनं फायदा नाही, उलट शुगर वाढते, आणि दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं म्हणजे काळ्या बुरशीनं किती लोकांचे डोळे, जबडे गेले ते आपण बघितलंय.

शाळेतलं केंद्र

२५ मे २०२१ ला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करायचं जाहीर केलं, त्यात सोलापूर होतं. कारण सोपं होतं, दोन खोल्यांत आठ माणसं आणि एक संडास, तिथं वेगळं राहणार कसं. मग झेडपीची शाळा. शाळा निवडताना बाकी काही बघायच्या आधी संडास बघा: पाणी येतं का, बायकांसाठी वेगळा आहे का, आतून कडी लागते का, रात्री वाटेवर लाईट आहे का. आतून कडी नव्हती एवढ्या कारणासाठी बायका केंद्रात यायला तयार होत नव्हत्या आणि सगळे म्हणत होते बायका ऐकत नाहीत. पन्नास रुपयांची कडी बसवली की प्रश्न मिटतो.

पुण्या-मुंबईहून आलेले लोक आणि खरे पेशंट एका खोलीत ठेवायचे नाहीत, ज्याला काही झालेलं नाही त्याला आपणच आजार देतो. खिडक्या उघड्या ठेवा, खाटांमध्ये अंतर, जेवण घरून येत असेल तर डबा गेटवर, आणि दिवसातून दोनदा सिस्टर किंवा शिकवलेल्या पोराकडून मोजमाप. रात्री एक माणूस जागा पाहिजे. ऊसतोडीवरून परतणाऱ्या टोळ्यांची सोय वेगळी लावावी लागते, सगळं कुटुंब लेकरांसकट एकदम येतं, त्यांना गावाबाहेर थांबवून ठेवणं बरोबर नाही, एक मोठी खोली त्यांनाच द्या.

कुठल्या पेशंटला कुठं न्यायचं

कोरोनात सरकारनं तीन पायऱ्या केल्या होत्या. सौम्य पेशंट कोविड केअर सेंटरला, म्हणजे हॉस्टेल, मंगल कार्यालय वगैरे. मध्यम, म्हणजे ऑक्सिजन लागेल असा पेशंट डेडिकेटेड कोविड हेल्थ सेंटरला, ग्रामीण रुग्णालयं यात होती. गंभीर, आयसीयू-व्हेंटिलेटरवाला डेडिकेटेड कोविड हॉस्पिटलला. पुढच्या साथीत नावं बदलतील पण रचना अशीच राहणार. चूक अशी होते की प्रत्येकाला थेट सोलापूरलाच जायचं असतं. सोलापूरवर नुसता आपला जिल्हा नाही, धाराशिवकडची (आधीचं उस्मानाबाद), लातूरची, पलीकडून विजापूर-गुलबर्ग्याची माणसंही उपचाराला इथंच येतात, त्यामुळं शहरातले बेड सगळ्यात आधी भरतात. ऑक्सिजनवर राहू शकणाऱ्या पेशंटला तालुक्यात ऑक्सिजनचा बेड मिळत असेल तर तो घ्या आणि तिथल्या डॉक्टरकडून रेफरची चिठ्ठी तयार ठेवा. विनाऑक्सिजन तीन तास गाडीत फिरण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. मोठ्या दवाखान्यात हलवायचं असेल तर डॉक्टरनं डॉक्टरशी बोलून बेड पक्का केल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही, "जाऊन बघू" म्हणून निघालेल्या गाड्यांचे हाल फार झालेत.

गाडी १०८. फुकट असते, आत डॉक्टर असतो. फोनवर गावाचं नाव सांगताना तालुका आणि जवळचं मोठं गाव आधी सांगा, कारण वडगाव, पिंपरी नावाची गावं ढिगानं आहेत. पेशंटचं वय, शुद्धीवर आहे का, ऑक्सिजनचा आकडा किती, आणि रस्त्यावर कोण उभं राहणार त्याचा नंबर. वस्ती आत असेल तर एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर थांबायचं. साथीत १०८ ला वेळ लागतो, तेव्हा समितीची गाडी तयार पाहिजे, खिडक्या उघड्या, ड्रायव्हरला चांगला मास्क.

दारात आलेल्या अत्यवस्थ पेशंटला आधी प्राथमिक उपचार द्यायचे, पैसे-पोलीस नंतर, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय आणि ते सरकारी-खासगी दोघांना लागू आहे. भांडू नका, पण शांतपणे सांगा आणि दिलेला नकार लेखी मागा.

ऑक्सिजनचा हिशोब प्रत्येक समितीत एकाला तरी यावा. मोठ्या जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतो. मिनिटाला १० लिटरनं लावला तर जेमतेम साडेअकरा तास, ५ लिटरनं लावला तर तेवीस. हाय फ्लोच्या मशीनवर मिनिटाला ६० लिटर लागले की तोच सिलेंडर दोन तासही पुरत नाही, यावरून एप्रिल २०२१ मध्ये दवाखान्यांची पळापळ का झाली ते कळेल. गाडीत छोटा सिलेंडर असतो १५०० लिटरच्या आसपास, ५ लिटरनं पाच तास, पण १५ लिटर लागत असतील तर पावणेदोन तासांच्या आत संपतो. अक्कलकोटच्या टोकाच्या गावातून निघताना हा हिशोब करूनच निघायचं. गावानं देणगीतून काही घ्यायचं असेल तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्या पण पीएचसीच्या डॉक्टरला विचारून, ५ किंवा १० लिटरचा असतो, लाईटवर चालतो, आणि लाईट गेल्यावर काय याचं उत्तर आधी पाहिजे.

खासगी दवाखाना आणि बिल

महात्मा फुले जन आरोग्य योजना २३ मे २०२० च्या निर्णयानं राज्यातल्या सगळ्यांना लागू केली होती, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलं तरी. भरती होतानाच विचारायचं की हा दवाखाना योजनेत आहे का आणि आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा दवाखान्यातला माणूस, कुठं बसतो. डिस्चार्जच्या वेळी विचारून काही उपयोग नाही. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स पेशंटबरोबरच गेली पाहिजे. योजनेची हेल्पलाईन १५५३८८.

योजनेत बसत नसेल तरी साथीत सरकार दर बांधून देतं. मे २०२० मध्ये राज्यानं खासगीतल्या ८० टक्के बेडवर दर ठरवले होते, साध्या वॉर्डला दिवसाला ४०००, आयसीयू व्हेंटिलेटरशिवाय ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००, पुढच्या वर्षी शहराच्या वर्गाप्रमाणे ते कमी केले. पीपीई किट, महागडी औषधं, काही तपासण्या याच्या बाहेर होत्या आणि बिलं फुगायची ती तिथंच. माझ्या एका नातेवाइकाच्या बिलात एकाच वॉर्डात फिरणाऱ्या स्टाफचे किट प्रत्येक पेशंटच्या नावावर पूर्ण लावले होते. आम्ही तपशीलवार बिल मागितलं, सरकारी ऑडिटरकडं अर्ज दिला, रक्कम कमी झाली. आरडाओरडा काही केला नाही, फक्त कागद मागत राहिलो. पैशासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे, दरपत्रक आणि सनद दवाखान्यात लावलेली असलीच पाहिजे, तिचा फोटो काढून ठेवा.

गर्दी आणि लस

पंढरपूर आपल्याकडं आहे म्हणून गर्दीचा प्रश्न आपल्याला कुठल्याही जिल्ह्यापेक्षा मोठा. २०२० ला पालख्या एसटीनं आल्या, पंढरपुरात संचारबंदी, वारकऱ्यांनी मन घट्ट करून घरूनच नमस्कार केला. मला वाटतं त्यासाठी वारकऱ्यांचे जितके आभार मानावेत तितके कमी आहेत. पुढं कधी अशी वेळ आली तर गावातल्या दिंडीप्रमुखाला, कीर्तनकाराला, मशिदीतल्या मौलानांना आदेश निघायच्या आधीच समितीत घ्या, लोक त्यांचं ऐकतात. आठवडा बाजार सरसकट बंद करण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी विभागून भरवला तर शेतकऱ्याचा माल पण जातो.

लसीला पीएचसीतले लोक विनवण्या करतात त्याचं कारण पण समजून घ्या. कोरोनाच्या कोविशिल्ड लसीची एक बाटली दहा जणांची असायची, उघडल्यावर चार तासांत वापरावी लागायची, नाहीतर फेकून द्यावी लागायची. म्हणून दहाच्या पटीत माणसं गोळा करून उपकेंद्रात फोन केला की सिस्टर आनंदानं येते. विडी कामगार बायका, शेतमजूर यांचा दिवस बुडतो म्हणून त्या येत नाहीत, त्यांच्यासाठी संध्याकाळचं सेशन मागा. भाषणानं लस होत नाही, वेळ बदलून मागितली की होते.

कागद

आता तो कागदपत्रावरचा माणूस. कोरोनात गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले, पण कागद ज्यांच्याकडं होते त्यांना सरळ मिळाले, ज्यांच्याकडं नव्हते त्यांना तक्रार निवारण समितीपुढं खेटे घालावे लागले. पॉझिटिव्ह रिपोर्ट, भरती झाल्याचा कागद, डिस्चार्ज किंवा मृत्यूचा कागद, मृत्यूचं कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला म्हणजे फॉर्म ४, हे सगळं मिळाल्या मिळाल्या मोबाईलवर फोटो काढून दोन जणांकडं पाठवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दुःखात घरच्यांना हे सुचत नाही म्हणूनच समितीतला माणूस पाहिजे, त्यानं तेराव्याची वाट न बघता हळू आवाजात विचारावं आणि स्वतः जाऊन आणावं.

दोन्ही पालक गेलेल्या लेकरांच्या नावावर राज्यानं पाच लाखांची ठेव केली, विधवा झालेल्या बायकांसाठी मिशन वात्सल्य २०२१ मध्ये आलं, तालुक्याला त्याची समिती होती. यातल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली का, बँकेचं खातं उघडलं का, हे गावानंच बघावं लागतं, बऱ्याच घरांत सासरच्यांनी लावू दिली नाहीत. अंगणवाडी ताईला ही घरं बरोबर माहीत असतात, तिच्याकडून यादी घ्या.

आत्ता, काही नसताना

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी जी पुढची असेल तिच्यात हे विषय लेखी द्या: साथीसाठीची समिती नावानिशी आणि कामानिशी, ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्यासाठी रक्कम, दोन ऑक्सिमीटर, एक डिजिटल थर्मामीटर, एक बीपी मशीन, शाळेच्या संडासाची दुरुस्ती. मेडिकल ऑफिसरला ग्रामसभेला बोलवा आणि त्यांना विचारा की पीएचसीत ऑक्सिजन किती, रात्री कोण असतं, गाडी चालू आहे का. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही घ्या. आशा, सिस्टर, मेडिकल ऑफिसर, तालुका आरोग्य अधिकारी, नियंत्रण कक्ष यांचे नंबर ऑइल पेंटनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा, फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो, आणि अधिकारी बदलला की नंबर त्याच आठवड्यात बदलायची जबाबदारी शिपायाच्या नावानं ठरावात टाका.